ऐंशीवर

"ब्रेक दाबला की माझे हात थरथरतात,"
असं मी त्याला सांगितलं.
तो जॅकचा दांडा पुसत होता.
"हात थरथरते, का स्टेरिंग?"
मला उत्तर देता येईना.

वर्धा रोडवर, खापरीच्या अलीकडे, काटा ऐंशीवर.
पुढचा ट्रक मंदावला, मी पाय ठेवला,
आणि चालू मिक्सरचं झाकण दाबून धरावं
तसं चाक हातात कुरकुरत राहिलं
गाडी थांबेपर्यंत.

बाबांचं असंच सुरू झालं होतं, बावन्नाव्या वर्षी.
आधी नुसता बशीतला कप वाजायचा.
मग सही बदलली.
मग बँकेनं चेक परत पाठवला
आणि त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवला, कुणाला न दाखवता.
येत्या भाद्रपदात मला बावन्न.
तीन आठवडे मी साठच्या वर गेले नाही,
चहा बशीशिवाय घेतला,
घरी सांगितलं, ट्रॅफिक फार असतं हल्ली.

पाचपावलीत यादव निनावेचा टिनाचा शेड,
दारात कडुलिंब, त्याच्या बुंध्याला टायर टेकलेले.
"ब्रेक न दाबता थरथरते?"
नाही.
"मंग बॅलन्सिंग नाही. बूड हालते का सीटवर?"
मी आठवून पाहिलं. नाही.
"मंग मागचं नाही. पुढं पाहू."

चाक उतरलं. डिस्क उघडी पडली,
ताटासारखी चकचकीत, कुठेही वाकडी नाही.
त्यानं अंगठा आणि तर्जनीत तिची कड धरली
आणि डोळे मिटून हळूहळू फिरवली.
बाप हातमागावर होता त्याचा.
सूत बोटांतून सोडत सांगायचा म्हणे,
इथं जाड हाय, इथं तुटन.
"मले तेवढं नाही जमत," तो म्हणाला,
"म्हणून हे," आणि डायल लावला.

सुई बारा घरं पुढे गेली,
बारा घरं मागे आली.
एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.
त्यानं डिस्क काढली, हबवरचा गंज घासला,
पुन्हा बसवली, नट आमनेसामने आवळले.
आता नऊ.
"गंज तीन घरांचा. बाकी डिस्कचंच.
पॅडले दर फेरीत तेवढा उंचवटा लागते,
थो धक्का सरळ तुमच्या तळव्यात."

मग म्हणाला, "रामटेकले गेल्ता का उन्हाळ्यात?"
गेले होते. गडावरून उतरताना पूर्ण वेळ ब्रेकवर पाय,
आणि मनसरला उतरल्या उतरल्या
धुवायला लावली गाडी, चाकांवर थंड पाण्याचा फवारा,
मे महिना, पंचेचाळीस.
चाकातून वाफ निघाली होती.
मला ती छान वाटली होती.

"लेथवर घासून द्यायची म्हटलं तर लय पातळ होईन.
बदलूनच टाका."
साडेपाच हजार जोडीचे, पॅड वेगळे.
मी इतक्या आनंदानं पैसे मोजले
की त्यानं नोटा दोनदा तपासल्या.

संध्याकाळी कोराडी रोडवर तो शेजारी बसला.
"दोन बोटांनी धरा फक्त. ऐंशी करा. आता दाबा."
दाबला.
चाक स्थिर, वाळत घातलेल्या ताटासारखं.
तो काचेतून रस्ता पाहत होता.
मी बोटं पाहत होते, सिग्नल हिरवा होऊन
मागून हॉर्न वाजेपर्यंत.

जुन्या डिस्क त्यानं डिकीत टाकून दिल्या,
"भंगारात किलोवर जाईन" म्हणत.
मी नाही विकल्या.
आमच्या कूलरचा एक पाय आखूड आहे,
सगळा उन्हाळा खिडकीला दात वाजवत असतो.
त्याच्याखाली एक सरकवली.
नऊ घरांची चूक तिथे चालते.

दुसरी अजून ओट्यावर आहे.
तिच्यावर मी चहाचा कप ठेवते,
बशीसकट.