रीडिंग

बुटीबोरीजवळ मांडीचं हाड मोडलं
तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.
ट्रकचा नंबरसुद्धा सांगितला पोलिसाला.
तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या वॉर्डात
छातीवर बारीक लाल ठिपके आले
आणि शब्द गेले.

डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं :
हाडातली मज्जा, तिचे थेंब रक्तात सुटले,
फुफ्फुसातून वर, मेंदूत.
आई म्हणाली, म्हणजे चरबी चढली म्हणा की डोक्यात.
शाळेत ठवकर मास्तर हेच म्हणायचे,
"लई चरबी चढली बे तुले, निनाव्या."

एमआरआय मी नंतर पाहिला.
काळ्यावर पांढरे टिपके, मोजता न येणारे.
चांदण्यांसारखं दिसतं ना, म्हणाली शिकाऊ डॉक्टरीण.
कुंदा काही बोलली नाही.
मे महिन्यात तांडापेठेत आम्ही गच्चीवर झोपतो.
यंदा तिनं अंथरूण खालीच घातलं.

अकराव्या दिवशी डोळे उघडले.
नाव काय?
निनावे, म्हणालो.
ती डॉक्टरीण इकडची नसावी. तिनं लिहून घेतलं :
रुग्णास स्वतःचे नाव आठवत नाही.
अख्खा वॉर्ड हसला म्हणे, आडनाव कळल्यावर.
मला वाटलं, बरोबरच लिहिलंय.

आता घरी अभ्यास : शंभरातून सात सात वजा.
त्र्याण्णव.
शहाऐंशी.
मग कूलरचा पंप मध्येच बोलतो.
पुढचा आकडा ऐंशीला एक कमी,
असा मागच्या दारानं येणारा,
कधी येतो, कधी नाही.
संत्र्याला मी "ते, सोलायचं" म्हणतो.
तर्री सांडली म्हणून परवा ताट भिंतीवर मारलं,
तो राग कुणाचा होता कोण जाणे.
कुंदाला दोनदा ताई म्हटलं.
दोन्ही वेळा तिनं ओ दिली.

तेरा वर्षं मीटर वाचले मी,
गोळीबार चौक ते पाचपावली,
जिन्यांखाली, न्हाणीघरांमागे, बांधलेल्या कुत्र्यांना चुकवत.
पाच आकडे एका नजरेत,
पुढच्या दारापर्यंत डोक्यात, मग वहीत.
डोकं म्हणजे खिसा होता माझा.

काल दुपारी काठी टेकत
आमच्याच जिन्याखाली गेलो.
लाल दिवा लुकलुकत होता.
वाचलं. पायऱ्या चढेस्तोवर
शेवटचे दोन सांडले.
परत खाली.
परत.
तिसऱ्यांदा वर आलो तर दारात कुंदा,
दुधाच्या हिशोबाची वही, पेन्सिल.
चार, म्हणालो. शून्य. सात.
ती वाट पाहत राहिली.
एक.
सहा.

लिहून ती खाली जाऊन आली.
"शेवटी सात हाय."
मी काठीकडे पाहिलं.
ती वही मिटत म्हणाली,
"तुमी वर येता येता फिरला असन.
कूलर चालू हाय न."