डाव्या हाताचं टपाल

आज केस विंचरता आले नाहीत.
कंगवा कानापर्यंत गेला आणि थांबला,
लिफ्ट बंद पडावी दोन मजल्यांच्या मध्ये, तसा.
शेवटी मान खाली घातली,
डोकंच नेलं हातापाशी.

अठ्ठावीस दिवस झाले
बडोद्याच्या लालबागेतल्या तलावावर.
बायकांची बॅच सव्वासहाची.
दांडिया बाजारातून स्कूटरवर अकरा मिनिटं.
जाताना मी हँडल धरते,
येताना हँडल मला धरतं.

टपाल कचेरीत तेहेतीस वर्षं
उजव्या हाताने शिक्के मारले.
ठक् शाईवर, ठक् तिकिटावर.
आता स्कॅनर आहे, तो नुसता टिंग करतो,
पण खांद्याच्या आत कुठेतरी
ठक् अजून नोकरीवर आहे.
म्हणून उजवा पाण्याला मारतो.
डाव्याने जन्मभर फक्त पाकिटं पुढे सरकवली,
तो मागून येतो, कसाबसा,
उशिरा आलेल्या शिपायासारखा इकडेतिकडे बघत.
आणि मी सरळ म्हणून निघते ती
तिरकी होत होत दोरीला जाऊन लागते.
पलीकडच्या निरंजनाबेन रोज म्हणतात,
"आवो, आवो,"
जणू मी हळदीकुंकवाला आलेय.

हेतल शिकवते. चोवीस वर्षांची, गळ्यात शिट्टी.
"मासी, पाणीने मारशो नहीं," म्हणाली,
"पेटीमां कागळ नाखो ने, एम.
हात आत सोडायचा, बस."
मी कुठे काम करते
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, हात भरून आलेत गं.
"शेनाथी भराया?"
काय सांगणार?
आमच्यात डोळेही भरून येतात,
आभाळही, ऊरही,
आणि कुणी विचारत नाही कशाने.
तिने दंड दाबून पाहिला, मग खांद्याचं टोक.
इथे जड, की इथे सुई?
जड, म्हटलं. भिजलेल्या गोधडीसारखं.
"मग चालेल. सुई टोचली की त्याच मिनिटाला बाहेर.
आणि उद्या पाण्यात उतरायचं नाही."

तरी गेलेच.
पायरीवर बसले, पाय पाण्यात,
दोन्ही हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाची तरी पोरं
जरा वेळ सांभाळायला घेतल्यासारखे.
निरंजनाबेन गेल्या, आल्या, गेल्या.
दोरी हलली नाही.
त्यांनी दोनदा माझ्या बाजूला पाहिलं.

घरी गरम पाण्याची पिशवी, तिळाचं तेल,
भिंतीला तळवा लावून हळूहळू पाठ फिरवणं.
पोळ्या चारच झाल्या.
सगळं करून सवरून
हातचं राखून ठेवायला कधी शिकलेच नाही,
शाळेत हातचा एक विसरायची, तशी.
पाचवी पोळी श्रीपादने लाटली.
तिला बडोद्याचा नकाशा म्हणता आलं असतं.
आम्ही दोघांनी खाल्ली.

संध्याकाळी पाहते तर
वरच्या फळीवरचा तूरडाळीचा डबा
ओट्यावर येऊन बसलेला.
शेजारी पोहे, साखर,
आणि दिवाळीशिवाय कधी न निघणारी
चकलीच्या पिठाची बरणीसुद्धा.
ओट्यावर आता जागाच नाही.
मी काही बोलले नाही,
तो पेपर वाचत होता,
कालचा.

रात्री उजव्या कुशीवर नाही, डाव्याही नाही.
उताणी पडून राहिले.
पंख्याखाली दोन हात, दोन बाजूंना,
दोघेही सारखेच ठणकत,
सारखेच.
तेहेतीस वर्षांत हे पहिल्यांदा.

शुक्रवार. सव्वासहा. पाणी गार.
आधी डावा.
बोटं खाली, कोपर वर,
आत सोडला.
आवाज झाला नाही.
मग उजवा. त्याचा थोडा झाला,
सवय आहे.
सात, आठ, नऊपर्यंत मोजलं
आणि दहाव्याला
"आवो, आवो."