शेवटचा आकडा

रंकाळ्याचा फोटो. संध्यामठ अर्धा पाण्यात.
प्रत्येक ठिपक्याच्या रंगातला
शेवटचा आकडा तेवढा मी बदलला,
एकाचा शून्य, शून्याचा एक.
पाणी होतं तसंच निळसर राहिलं,
कुणाच्या बापाला कळलं नसतं.

चार हजार ठिपके लागले
बिंदू चौकात तुझ्यासमोर उभं राहून
दोन वर्षं जे बोलता आलं नव्हतं त्याला.

व्हॉट्सॲपवर टाकला, तिथंच चुकलं.
जाताजाता त्यानं चित्र चेपलं,
आकडे नव्यानं मांडले.
पोचलं ते नुसतं पाणी.

"लई भारी आलाय की,"
तू लिहिलंस, तबस्सुम,
आणि स्टेटसला ठेवलास.

मूळ फाईल आहे अजून
पापाच्या तिकटीजवळ, दुकानातल्या कॉम्प्युटरवर.
काल एक गिऱ्हाईक म्हणालं,
हाच द्या, फ्रेमसकट.