ऑलरनशॉचं जाकीट

रविवारी मॅटलॉक बाथच्या रस्त्याला
नदीपेक्षा जास्त आवाज असतो.
डर्वेंटच्या कठड्याला लागून दोनशे मोटरसायकली,
तळलेल्या माशाचा नि तापलेल्या इंजिनाचा एकच वास,
आणि माझ्या दुकानात, बुटांच्या टाचा नि किल्ल्यांच्या मागे
खुंटीला टांगलेली बिनबाह्यांची जाकिटं.

पॅच शिवायचे चार पौंड. पाठभर असेल तर नऊ.

पॅचला मराठीत काय म्हणायचं
ते बहिणीला फोनवर सांगता येईना.
ठिगळ म्हटलं, तर म्हणाली, गरीब आहेत का गं ते?
नाही गं. धड कातड्याला लावतात.
कुठंही फाटलेलं नसताना.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, चालू दे. पैसे देतात ना?

ब्रेंडा रॅग पॅचवाली.
एकदा शिवलं की शिवलं, असं ती काउंटरवर मूठ आपटून सांगते,
बिल्ले काय, कुत्र्याच्या पट्ट्यालाही लावतात.
तिच्या पाठीवर इंचभर जागा रिकामी नाही.

क्लाइव्ह ऑलरनशॉ बिल्लेवाला.
बोटाच्या पेराएवढे, मिन्याचे:
एक घुबड, एक दीपगृह,
एक मेंढी, जिचा एक पाय उडालाय.
चालताना वाजायचा.
म्हणायचा, टाका म्हणजे लग्न, मला दोनदा पुरलं.
बिल्ला काढता येतो, सरकवता येतो,
पैजेवर लावता येतो.
घुबड बक्स्टनच्या चढावर पडलं
तेव्हा अकरा मैल मागे गेला, भर पावसात,
आणि गटाराच्या जाळीशी सापडलं म्हणून
मला दाखवायला आला,
जणू मीच हरवलं होतं.

नोव्हेंबरात जाकीट काखेत मारून आला. बसने.
छातीचं हाड कापून परत तारेनं आवळलेलं.
बिल्ले टोचतात, म्हणाला. सगळे काढ.
शर्टाच्या गळ्यातून शिवण वर आलेली दिसत होती.
बघायचं नव्हतं, पण नजर गेलीच.
चांगल्या हाताचं काम होतं.

त्रेसष्ट निघाले. बिस्किटांच्या डब्यात टाकले.
जाकीट खिडकीशी धरलं.
दुसरं कुणी असतं तर तारे म्हणालं असतं.
मला चाळण दिसली.
कापड भोक विसरतं,
दोन धुण्यांत दोरे जवळ येतात.
कातडं विसरत नाही.
हे बाबांनी सांगितलेलं, कापशीत,
चपलेचा अंगठा ओवता ओवता:
विचार आरी टोचायच्या आधी. नंतर नुसतं भोक.

त्यांचीच आरी काढली.
मूठ त्यांच्या पंजाच्या मापाची,
माझ्या हाताला अजून मोठी होते.
काळं कातडं कापलं, कोरं,
ना नाव ना गाव, ना कवटी ना गरुड,
आणि डाव्या छातीवर शिवलं मेणाच्या दोऱ्यानं,
इंचाला सात टाके.
बावीस वर्षांत या दुकानात
खरंखुरं ठिगळ पहिल्यांदा लागलं.

पैसे? घेतले की. चार सांगितले,
त्यानं घासाघीस करून साडेतीन दिले.

हरलास शेवटी, ब्रेंडा म्हणाली, लागला ना पॅच?
पॅच नाही, तो म्हणाला, झाकण आहे.

मोटरसायकल त्यानं विकली.
आता रविवारी बसनेच येतो,
कठड्याजवळच्या बाकावर मांडीवर चिप्स घेऊन बसतो,
जाकीट घालून. आवाज न करता.
कुणीतरी पोरगं थांबतं, विचारतं,
इतकं जुनं जाकीट, आणि यावर काहीच कसं नाही?
तो बोटाचं मीठ पुसतो,
कोऱ्या कातड्यावर टेकवतो.
इथं दीपगृह. इथं मेंढी, तीन पायांची.
इथं घुबड.

मग बोट जरासं डावीकडे सरकवतो.
नाही. इथं.