दुसरा गिअर

इंजिन उतरवलं मंगळवारी,
कुर्टीच्या शेडमध्ये, चेनपुलीवर.
बेडफर्डचं, पेट्रोलवालं, सहा सिलिंडरचं.
थोडा वेळ लोंबकळत राहिलं,
फणसाचा चीक गळावा तसं काळं तेल ठिबकत.
बोस्त्यांव टोपी काढून उभा.
म्हटलं, पात्रांव, घाला टोपी, मेलं नाही कोणी.

नवं म्हणजे तसं नवं नव्हे.
वास्कोला उलटलेल्या बोलेरोचं,
डिझेल, लाखावर किलोमीटर झालेलं.
पण साठ वर्षांच्या पिकअपपुढे
त्याचे अजून दुधाचे दात.

गिअरबॉक्स मात्र जुनाच. म्हातारा अडून बसला:
"हातपण बदलून देतोस काय मला?"

मग मापं.
नव्याचं तोंड आणि जुन्याचा गळा
अकरा मिलिमीटरनं जुळेनात.
मधली प्लेट चारदा कापली,
तीनदा भोकं चुकली.
शाफ्टच्या टोकाचा बुश बाजारात नाही.
तो पुंडलीक च्यारीनं कवळ्याच्या लेथवर काढून दिला,
बेतुलला बुडालेल्या ट्रॉलरच्या पंख्यातून.
पायाशी पितळेचे कुरळे किस साचत होते
आणि तो सांगत होता
मुलीच्या लग्नाला हॉलवाला किती मागतो ते.

आरटीओतल्या बाईंनी विचारलं, बदलण्याचं कारण?
रकाना दोन बोटांचा.
मी लिहिलं, 'जुने झाले.'
चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
आणि गाडी नाही झाली वाटतं?

पहिल्या दिवशी फर्मागुडीच्या चढणीवर
बंद पडली. तीनदा.
मागे बसवाल्यांचे हॉर्न.
क्लच ठीक, पंप ठीक, हवा नाही पाइपात.
बोस्त्यांवच चुकत होता.
पन्नास वर्षं कानानं गिअर टाकत आलेला माणूस,
आगरातलं मीठ भरून, अंधारात, धुक्यात,
आवाज कुठे चढला की दुसरा, कुठे की तिसरा.
आणि हे नवं मुळातच ओरडून बोलतं.
त्याला वाटतं दमलं बिचारं,
लगेच वरचा गिअर टाकतो,
ते गुदमरतं.

मी तोंड उघडणार होतो.
त्यानं चपला काढून सीटखाली सारल्या.
मिठानं खाल्लेला पत्रा,
त्यावर आमचं वेल्डिंगचं ठिगळ,
त्यावर अनवाणी तळपाय.
इंजिन चालू ठेवून बसला तसाच,
हॉर्न देणाऱ्यांना हातानं जा, जा करत.
पाच मिनिटं असतील. दहाही असतील.

नंतर तिसऱ्यातून दुसऱ्यात कधी आला
मला कळलंच नाही.
वर पोचल्यावर पाहिलं,
डोळ्यांना रुमाल लावलेला.
धूर, म्हणाला. डिझेलचा.

जुनं इंजिन शेडमागे ताडपत्रीखाली आहे.
भंगारवाला दोनदा येऊन गेला.

दुसरा गिअर उतारावर अजून सुटतो.
दात झिजलेत. म्हटलं, उघडूया एकदा.
नको म्हणतो.
डाव्या गुडघ्यानं दांडी दाबून धरतो,
त्याच्या प्रत्येक पँटीला
तेवढ्याच जागी
रुपयाएवढी चकाकी आहे.