घाटा

झोपे सरांनी एकदा नववी ‘ब’च्या फळ्यावर
धडा सोडून भलताच शब्द लिहिला : फ्लमरी.
परीक्षेत येणार नाही, म्हणाले,
म्हणून तेवढाच माझ्या लक्षात राहिला.

मूळचा खायचा पदार्थ तो.
तिकडे विलायतेत धान्य भिजत घालायचे,
आंबू द्यायचे, गाळायचे,
कोंडा फेकून उरलेलं पांढरं पाणी शिजवायचे.
गार झालं की ताटलीत थरथरायचं.
दात लावावा असं त्यात काही नाही.
पुढं तोंडभरून केलेल्या पोकळ बोलण्यालाही
लोक हेच म्हणू लागले.

“म्हणजे बिबड्यांचा घाटा, सर!”
मागून फिरक्यांचा दिगंबर.
वर्ग हसला. सर नाही हसले.
“घाट्यात ज्वारी असते, गाढवा.
तीन दिवस भिजलेली, कांडलेली.”
मग माझी निबंधाची वही उघडली, ‘माझे आदर्श नेते’,
आणि समासात लाल शाईनं
तोच शब्द.

आता मी सूत्रसंचालन करतो.
रावेरपासून वरणगावपर्यंत, निरोप, सत्कार, साखरपुडे,
पतपेढीच्या शाखेचं उद्घाटन.
“ज्यांच्या नुसत्या उपस्थितीनं…”
एवढं म्हटलं की पुढचं तोंड आपोआप बोलतं;
मी तोवर नारळ मोजून घेतो.

सावद्याला सरांची शोकसभा
तेराव्यानंतर महिन्यानं झाली,
अध्यक्षांना त्याआधी तारीख नव्हती.
अध्यक्ष म्हणाले, सर म्हणजे संस्थेचा श्वास.
म्हणाले, आधारवड गेला.
सरांचं सेवापुस्तक चार वर्षं
त्यांच्याच कपाटात सहीविना पडून.
मी म्हणालो, भावपूर्ण. मी म्हणालो, पोरके.
मी म्हणालो, शब्द अपुरे पडतात,
आणि पुढची पंधरा मिनिटं
एकही पडू दिला नाही.
टाळ्या झाल्या.
शोकसभेत टाळ्या, आणि कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी
शोकसंदेशाची फ्रेम द्यायला गेलो.
सिंधूकाकू गच्चीवर.
ज्वारी आधीच भिजलेली, ऊन काही थांबत नाही.
ओल्या धोतरावर एकेक बिबडी थापत होत्या,
हात पाण्यात, मग घाट्यात, मग पाण्यात.
फ्रेमकडे पाहिलं. म्हणाल्या, ठेव तिथं, सावलीत.

“काय काय बोल्ले रे काल?”
मी सांगू लागलो. श्वास. आधारवड.
त्यांनी वाटीत गरम घाटा वाढला, वर कच्चं तेल.
“आन सही केली का त्यानं त्या पुस्तकावर?”

जीभ भाजली.
तीळ, लसूण, मिरची. मीठ बरोब्बर.
दाढेखाली ज्वारीची एक कणी आली,
न शिजलेली, चांगली टणक.

मी म्हणालो, काकू, सर म्हणजे खरं तर…

“तू बोलू नको,” त्या म्हणाल्या,
वर न बघता.
“तिकडे कावये आले. हाकल.”