पट्टी तिथं संपते

नियोजन भवन, दुसरा मजला, समितीची तिसरी बैठक.
बाहेर सात रस्त्यावर मार्चचं ऊन,
आत सप्टेंबरातल्या एका रात्रीची चौकशी.
साक्षीदार बोलतो,
अध्यक्ष त्याचं शुद्ध मराठी करतात,
ते मी टंकते.

साक्षीदार क्रमांक एकोणतीस.
भडकुंबे माणिक इराप्पा, हंगामी, रोजंदारी.
सीना नदी, बोरगव्हाण पूल.
काम : दर तासाला पट्टी वाचणे, आकडा कळवणे.
चपला दाराबाहेर काढून आलाय.
कुणी सांगितलं नव्हतं.

"एकपर्यंत नोंदी आहेत. दोन ते पाच, रकाना कोरा.
झोप लागली होती?"
"न्हाई साहेब."
"मग?"
"पट्टी संपली."

अध्यक्ष चष्मा काढतात.

"म्हंजे बगा, खांबावर रंगानं आकडे हायेत,
बाराच्या वर नुसतं सिमिट.
एकला पाणी बारावर. मग बारा गिळलं.
बॅटरी मारली तर आकडाच न्हाई, काय कळवू?
फोन लावला, म्हटलं, लई हाय.
पलीकडनं बाई म्हनल्या, लई किती? मीटरमधी सांगा."

कुणीतरी हसतं. बहुतेक पाटबंधारेचे वकील.

"मग मरीआईच्या पायऱ्या मोजल्या.
पाच बुडाल्या, दोन ऱ्हायल्या.
त्येबी कळवलं. म्हनल्या, असा रकाना न्हाई.
तवा फोन खिशात टाकला आन् पळालो,
खालच्या आळीत दारं वाजवत.
एकतीस वाजवली.
बत्तिसाव्याला कुलूप होतं.
वाटलं, गावाला गेलीत."

तो थांबतो. पंखा फिरत राहतो.
परिशिष्ट ड मी गेल्याच आठवड्यात टंकलंय.
अनुक्रमांक चार, वय ऐंशी, अंथरुणावर.
मुलगा रात्रपाळीस. घर बाहेरून बंद.
माणिकला ते ठाऊक आहे, त्याच्या मानेवरून कळतं.
कुणी विचारत नाही.

"लिहा," अध्यक्ष म्हणतात,
"सदर कालावधीतील नोंदी उपलब्ध नाहीत."
मी लिहिलं.

माझे नायना अशोक चौकात
जेकार्डच्या मागावर चादरी विणायचे.
पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे, एकेक, ठोकून.
भोक असतं तिथं सुई आत शिरते,
धागा उचलला जातो, नक्षी उमटते.
सात वर्षांची असताना मी खळ लावून, कागद चिकटवून
दोन भोकं बुजवली, पुठ्ठा नीट दिसावा म्हणून.
दीड वारभर मोरांना मान आली नाही.
नायना रागावले नाहीत.
चादर उजेडात धरून बराच वेळ बघत बसले,
मग म्हणाले, ही विकायची नाही.
अजून घरात आहे. पाहुण्यांना देत नाही.

अहवाल जूनमध्ये गेला. शिफारशी एकशे चार.
एकसष्टावी : पट्टीची उंची वाढवण्यात यावी.
जोडपत्रात मी चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या,
दोन, तीन, चार, पाच.
प्रूफ परत आलं, समासात लाल शाई :
जागा वाया. काढा.
काढल्या.

जुलैत माणिक साक्षीदार भत्त्याला आला.
"तिकीट?"
"पूल अजून बंद हाय मॅडम. लांबोटीपत्तुर चालत आलो."
चालण्याचं तिकीट नसतं.
मी लांबोटीपासूनचं धरलं, त्यानं सही केली,
आडनाव आधी, शाळेत शिकवल्यासारखं.

"नवी पट्टी मीच रंगवली," जाता जाता म्हणाला,
"पंधरापत्तुर."
"आणि पंधराच्या वर?"

त्यानं नोटा घडी करून वरच्या खिशात सरकवल्या.
"वर पायऱ्या काढल्यात. लाल रंगानं, सात.
साहेबांनी बघितल्या न्हाईत अजून."
मग दाराबाहेर वाकून
चपला शोधू लागला.